घर घेऊन जा

जानेवारीतल्या एका वाक्याने ओझीतची दोन महिने झोप उडवली होती, आणि मार्चच्या तीन तारखेला सकाळी त्या वाक्याला बैलांच्या बावीस जोड्या जुंपल्या गेल्या.

वाक्य तीन शब्दांचं. "घर घेऊन जा." दुसऱ्या कुठल्या मुलुखात सून सासूला असं म्हणाली असती, तर सासूने डोळ्यांना रुमाल लावला असता, चार घरी जाऊन सांगितलं असतं आणि पंधरा दिवसांत सगळं निवलं असतं. पण सेंट जॉन नदीच्या ह्या खोऱ्यात घरं खरोखरच जातात. नदी गोठली की घराखाली दोन लांब ओंडके सारायचे, साखळ्या आवळायच्या, पंचक्रोशीतले बैल गोळा करायचे आणि घर ओढत न्यायचं. कुणी चर्चजवळ राहायचं म्हणून नेतं, कुणी शेजाऱ्याचं तोंड बघायला नको म्हणून. त्यामुळे रागाच्या भरात काय बोलावं आणि काय बोलू नये ह्याचे इथले नियम निराळे आहेत. एकोणीस वर्षांच्या संसारात ओझीतला ते कळायला हवे होते. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

झालं होतं ते असं. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला ओझीतचं घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि ती तव्यावर कुट्टूची धिरडी घालत होती. कुट्टूचं धिरडं एकाच बाजूने भाजायचं, वर जाळी पडली की उतरवायचं, उलटायचं म्हणून नाही, ही कोर्मिये घराण्याची रीत. ओझीत नदीच्या वरच्या अंगाची, तीन दिवसांच्या वाटेवरची. तिच्या माहेरी उलटतात. सासरची रीत तिने कधीच अंगवळणी पाडून घेतली होती, तरी गडबडीत हात जायचा. त्या दिवशी गेला.

सासूने, म्हाताऱ्या स्कोलास्तिकने, ते धिरडं दोन बोटांत धरून पाहुण्यांना दाखवलं. "बघा. वरच्या अंगाची माणसं. दोन्ही बाजूंनी शेकून घेतात. म्हणून तर कुणाच्याच बाजूची नसतात."

सगळे हसले. ओझीतचा नवरा रेजिस, तोही हसला. ओझीतच्या बापाने एका वर्षी इंग्रजांच्या राणीची शपथ घेतली होती आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ओझीतच्या हातातलं उलथनं थांबलं. "एवढं खुपतंय ना माझ्या हातचं? मग जा. खुशाल घर घेऊन जा!"

स्कोलास्तिकचं घर अंगणापलीकडे, चाळीस पावलांवर. तिच्या नवऱ्याने, इलेरने, बांधलेलं. म्हातारीने धिरडं ताटात परत ठेवलं, बोटं पुसली आणि म्हणाली, "बरं."

तो तिचा सुनेशी बोललेला शेवटचा शब्द. दुसऱ्या दिवशी तिने पैलतीरावर धाकट्या मुलाला निरोप धाडला, की जागा साफ करून ठेव, घर येतंय.

आता पैलतीर म्हणजे कुठला, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दक्षिणेची माणसं उत्तरेला पैलतीर म्हणतात आणि उत्तरेची दक्षिणेला. स्वतःचा तो ऐलतीर. अमेरिकेचा मोजणीदार आला तेव्हा दोन्ही काठांवर त्याला एकच उत्तर मिळालं, "आम्ही ऐलतीरावर राहतो." मागोमाग राणीचा माणूस आला, त्यालाही तेच. दोघांनीही सगळं खोरं आपापल्या वहीत लिहून नेलं. साठ वर्षं दोन देश असे एकाच नदीवर हक्क सांगत होते, आणि यंदा कुठेतरी लांब, टेबलाशी बसून साहेब लोक रेघ ओढणार अशी बातमी होती. रेघ कुठून जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला खात्रीने माहीत होतं.

*

ईस्टरआधीच्या उपासकाळाचा तो मधला गुरुवार. चाळीस दिवसांतला हसण्याखेळण्याची मुभा असलेला एकच दिवस, म्हणून माणसं झाडून आली होती. साठेक तरी असतील. म्हातारा सिरिल, घरं ओढण्यातला ह्या खोऱ्यातला शेवटचा शब्द, साखळ्यांना काठीने टोले मारत फिरत होता. नदीच्या बर्फावर लहान लहान फरची रोपं रोवून वाट आखली होती.

ओझीत आपल्या दारात उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं.

"आई, बाहेर ये," रेजिस खिडकीशी जाऊन तिसऱ्यांदा म्हणाला. "उतार सरळ खाली आहे. घर घसरलं तर?"

"तुझ्या बापानं बांधलंय," आतून आवाज आला. "कोपऱ्याकोपऱ्यात नावेत असतात तसे वाकड्या लाकडाचे गुडघे बसवलेत त्यानं. पाण्यात पडलं तर तरंगेल. तू आपली यादी सांभाळ."

यादीचा टोमणा रेजिसला लागला. अमेरिकेतल्या मेन प्रांताच्या सरकारने त्याला दक्षिण काठावरच्या घरांची यादी ठेवायला सांगितलं होतं. त्याने ती अक्षर घोटून केली होती, आणि आता तिच्यातलं चौथं घर त्याच्या डोळ्यांदेखत राणीकडे चाललं होतं.

धाकटा भाऊ आन्सेल्म पलीकडून लाल पट्टा लावून आला होता. राणीच्या गावसेनेत तो लेफ्टनंट. बंदुका अजून आल्या नव्हत्या, पट्टा आला होता.

"दादा, तोंड पाडू नकोस रे," तो म्हणाला. "एक घर कमी झालं म्हणून अमेरिका बुडत नाही."

"घराचं नाही म्हणत मी. तो पट्टा कशाला लावलायस? घर ओढायला आलास की जिंकायला?"

"थंडी आहे म्हणून लावलाय."

"पट्ट्यानं थंडी जाते?"

"अभिमानानं जाते," आन्सेल्म म्हणाला, आणि आसपासचे दोन्हीकडचे लोक हसले. रेजिसलाही हसू आलं. ह्या दोघांचं भांडण लहानपणापासून असंच, पेटायचं आणि कुणीतरी हसलं की विझायचं.

सिरिलने काठी उंचावली. बैलांनी माना खाली घातल्या. साखळ्या ताणल्या, कुठेतरी लाकूड मोठ्याने करकरलं, आणि ओझीतच्या अंगणापलीकडचं घर, ज्याच्या धुराकडे बघून तिची प्रत्येक सकाळ सुरू व्हायची, ते हललं.

ते डगरीवरून खाली गेलं तेव्हा बायका किंचाळल्या आणि पोरं ओरडली. मागे दोरांना लटकलेले वीस जण टाचा रोवत रोवत घसरत गेले. घर नदीवर सुखरूप उतरलं. खिडकीत स्कोलास्तिक झुलत्या खुर्चीत बसलेली दिसत होती. मांडीत कुट्टूच्या पिठाचं मोठं मडकं धरलं होतं. आदल्या रात्री भिजवलेलं पीठ सांडू नये, एवढीच तिला काळजी दिसली.

ओझीतने मागे बघितलं. पांढऱ्या अंगणात तपकिरी मातीचा एक चौकोन उघडा पडला होता. बेचाळीस वर्षांत त्या मातीवर बर्फ पडला नव्हता. तिला तो बघवेना. तिने शाल डोक्यावरून घेतली आणि घराच्या मागे मागे चालू लागली.

*

बरोबर नदीच्या मध्यावर घर थांबलं.

बर्फावर पाणी साचून वर नवी पापडी धरली होती. डाव्या ओंडक्याने ती फोडली आणि घर वीतभर खाली बसून तिरकं झालं. सिरिल पोटावर झोपला, काठी घालून बघितली, उठून गुडघे झटकले.

"खालचा बर्फ पक्का आहे, दोन हात जाड," तो म्हणाला. "पण वर हा चिखल आहे तोवर बैलांचे पाय धरणार नाहीत. ऊन कलू द्या. तीन वाजता गारठा पडेल, मग काढू."

"आणि मागं फिरवलं तर?" रेजिसने विचारलं. इतक्या सहज, की ओझीतने त्याच्याकडे चमकून बघितलं.

"ती डगर चढून?" सिरिलने दक्षिणेकडे हात केला. "उतरवलं ते उतरवलं. वर चढवायला बैल पुरायचे नाहीत, देवदूत लागतील."

म्हणजे घर जाणार हे ठरलंच. ओझीतला वाटलं, आपण इथवर उगाच आलो.

तेवढ्यात तिरक्या छपरावरच्या नळीतून धूर निघाला. खिडकी उघडली आणि स्कोलास्तिकने डोकं बाहेर काढलं. "साठ माणसं उपाशी उभी करता काय बर्फावर? लाकडं आणा. काकवी त्या खोक्यात आहे. आन्सेल्म, तो पट्टा काढ आणि पाणी भर."

लेफ्टनंटने पट्टा काढला.

बर्फावर फळ्या टाकून लोक बसले. कुणीतरी वाटाण्याच्या सूपचं भांडं घसरगाडीवरून आणलं, कुणी फिडल काढलं. नदीच्या मधोमध जत्रा भरल्यासारखं झालं. ओझीत घराच्या आडोशाला उभी असताना तिची धाकटी जाऊ मोदेस्त तिच्याकडे सरकली. मोदेस्त आन्सेल्मची बायको. दोन महिने ती गावभर सांगत होती, की शेवटी सासूबाईंना कोण आपलं आणि कोण परकं ते कळलं.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"सकाळी किती वाजता येतात हो त्या?"

"कुठं येतात?"

"तुमच्या स्वयंपाकघरात. घर वेगळं असून रोज यायच्या ना?"

ओझीतला नाही म्हटलं तरी गंमत वाटली. "उजाडायच्या आत. आल्या की आधी चुलीचं दार उघडून बघतात. मग म्हणतात, 'हं.'"

"हं म्हणजे?"

"ते आजवर कळलेलं नाही."

मोदेस्तचा चेहरा पडला. "आणि माझ्या चुलीत नेहमी धूर होतो. परवा आल्या होत्या जागा बघायला, तर माझ्या पडद्यांना हात लावून म्हणाल्या, 'विणलेस तू?' एवढंच. मी रात्रभर जागी. चांगलं म्हणाल्या की वाईट?"

"घरोघरी मातीच्या चुली, मोदेस्त."

"तुम्ही कसं काढलंत एवढी वर्षं?"

ओझीतने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला दुसरंच काही आठवलं. ज्या वर्षी ऑगस्टमध्येच कडाका पडून सगळं पीक काळं झालं, त्या हिवाळ्यात सासूने संत ॲनला नवस केल्याचं सांगितलं होतं. संध्याकाळी काही खायचं नाही, वसंतापर्यंत. रोज आपला वाटा ती ओझीतच्या पोरांपुढे सरकवायची आणि जपमाळ घेऊन बसायची. पुढे कधीतरी ओझीतने फादरना विचारलं, नवस फेडायचा राहिला नाही ना? फादर म्हणाले, कसला नवस? ओझीतने हे सासूला कधी विचारलं नाही आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही.

"मला त्या हव्या आहेत, मोदेस्त," ती एकदम म्हणाली.

मोदेस्तने तिचा दंड घट्ट धरला. "मग न्या ना! देवाशप्पथ, माझी काही तक्रार नाही. पण मी म्हटलं असं सांगू नका. आन्सेल्मनं सगळ्या पलटणीला सांगितलंय."

पलीकडच्या खिडकीशी ओझीतची थोरली पोर तेओतीस्त आणि तिचा ठरलेला नवरा लेआंद्र उभे होते. लेआंद्र उत्तर काठावरचा, आन्सेल्मचा शेजारी. ईस्टरनंतर लग्न होतं, आणि मग त्याच्या बापाच्या माळ्यावर, नऊ माणसांत, पडदा लावून राहायचं होतं. तेओतीस्त काचेला नाक लावून आत बघत होती आणि लेआंद्र वितींनी खिडकीची रुंदी मोजत होता. ओझीतने दोघांकडे बघितलं. मग घराकडे. मग तिने शाल सारखी केली आणि दार ढकललं.

*

आत सगळं डावीकडे कललं होतं. भिंतीवरचा क्रूस लोंबत होता, खुर्ची कोपऱ्यात जाऊन बसली होती, आणि स्कोलास्तिक चुलीपुढे हातात पळी घेऊन रागाने लाल झाली होती. तव्यावर पीठ ओतलं की ते एका बाजूला ओघळायचं. एका कडेला जाड गोळा, दुसऱ्या कडेला करपलेला पापड. परातीत असली सात-आठ धिरडी पडली होती. चार मुलं त्यातली निवडून खात होती.

ओझीतने फडक्याने तव्याची दांडी धरली, डावी बाजू दोन बोटं उचलली आणि तवा समतल केला. म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही. पळीभर पीठ ओतलं. ते गोल पसरलं. वर जाळी पडायला लागली.

"हं," स्कोलास्तिक म्हणाली.

दोन महिन्यांतला पहिला शब्द.

मग काम सुरू झालं. एकीने तवा धरायचा, दुसरीने ओतायचं आणि उतरवायचं. साठ माणसांना प्रत्येकी चार-पाच तरी. मुलं परात भरून नेत होती आणि रिकामी आणत होती. ओझीतचा हात भरून आला तशी तिने बाजू बदलली. अर्धं मडकं संपलं.

"सारखी हात बदलतेस," शेवटी म्हातारी म्हणाली.

"तवा जड आहे."

"तुझ्या सासऱ्यानं आणलेला. नाव विकून." जरा थांबून ती म्हणाली, "तिकडे मोदेस्तकडे पत्र्याचा आहे. हलका."

"मग तो वापरा आता."

"वापरेन."

पुन्हा चार धिरडी निघाली. ओझीतला वाटलं, आता नाही बोललं तर तीन वाजतील. "रागात बोलले मी," ती तव्याकडे बघत म्हणाली. "चार लोकांत बापाचं काढलंत, म्हणून बोलले. पण बोलायला नको होतं."

"काढायला मलाही नको होतं," स्कोलास्तिक म्हणाली. "तुझा बाप शहाणा होता. दोन शपथा घेतल्या म्हणून दोन्हीकडून बियाणं मिळालं त्याला. आम्ही एकीला चिकटून बसलो आणि कुणीच काही दिलं नाही." तिने पळी मडक्यात घातली. "पण आता काय उपयोग? साठ माणसं, बावीस जोड्या. निघालंय ते निघालंय. मी काय परत फिरू? लोक म्हणतील, म्हातारी बर्फाला भ्याली."

म्हणजे तिला जायचं नव्हतं. दोन महिने ही बाई चाळीस पावलांवर बसून, कुणीतरी नको म्हणेल ह्याची वाट बघत होती, आणि आपण चाळीस पावलं गेलो नाही.

ती काही बोलणार तेवढ्यात दार उघडून दोन्ही भाऊ आत आले. आधीच तापलेले.

"आई, तूच सांग ह्याला," रेजिस म्हणाला. "घर अजून नदीत आहे. म्हणजे माझ्या यादीतून अजून गेलेलं नाही."

"अर्धी नदी ओलांडली की राणीची हद्द," आन्सेल्म म्हणाला. "मध्य मी पावलांनी मोजलाय. चूल आमच्याकडे आलीय."

"आणि पलंग?"

"पलंग तुझ्याकडे."

"मग मी शिजवायचं एका देशात आणि झोपायचं दुसऱ्यात?" स्कोलास्तिक म्हणाली. "तुमच्या बापानं दोघांना नांगर दिला, नाव दिली. अक्कल तेवढी वाटायची राहून गेली."

"चेष्टा नाही, आई. उद्या रेघ पडेल. तू इकडे आहेस की तिकडे, हे एकदा ठरवायला हवं."

"ते ठरलंय," ओझीत म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे बघितलं. बाहेरचं फिडलही नेमकं तेव्हाच थांबलं. दारात मोदेस्त उभी होती, तिच्यामागे तेओतीस्त.

ओझीतने तवा खाली ठेवला आणि हात पुसले. "आई, मी तुम्हाला काय म्हणाले होते? शब्द सांगा. तुम्ही शब्दाला धरून चालता ना?"

म्हातारीने हनुवटी वर केली. "म्हणालीस, घर घेऊन जा."

"घर घेऊन जा म्हणाले. बरोबर. परत येऊ नका, असं म्हणाले?"

म्हातारीने पळी मडक्यात बुडवली आणि तशीच धरली.

"नाही म्हणाले ना? मग घर पोचवा, जागेवर नीट बसवून घ्या, आणि संध्याकाळी परत या. घर न्यायला सांगितलं होतं, ते तुम्ही नेलंत. लोक काय म्हणतील? म्हातारी शब्दाची पक्की आहे म्हणतील."

स्कोलास्तिकने पळी मडक्याच्या काठावर ठोकली. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ती एवढ्यात शरण जाणारी नव्हती. "आणि येऊन राहू कुठं? तुझ्या अंगणातल्या खड्ड्यात?"

"चुलीमागच्या खोलीत. तेओ जातेय, तिची खाट रिकामी होईल."

"आणि तिकडे माझं घर ओसाड पडू देऊ?"

ओझीत दाराकडे वळली. "तेओ, लेआंद्र खिडकी कशाला मोजत होता गं?"

तेओतीस्त कानापर्यंत लाल झाली. "पडद्यासाठी," ती म्हणाली. "उगाच आपलं. मनात."

म्हातारी नातीकडे बघत राहिली. मग तिने हात लांब करून कोपऱ्यातल्या लाकडी गुडघ्यावर ठेवला, नवऱ्याच्या हातचा, गुळगुळीत झालेला. तिला सोडवत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. आणि तिने ते सांगूनही टाकलं. "मला ह्याच घरात मरायचं होतं," ती म्हणाली.

"आजी, मग मी नको घेऊ," तेओतीस्त घाईने म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गप्प बस. मरायचं होतं म्हणाले, मरतेय म्हणाले का? तूपण तुझ्या आईवर गेलीस, अर्धंच ऐकतेस." तिने नाक पुसलं. "ह्या घरात माझी चार पोरं झाली. आता तुझी होऊ देत. पण त्या गुडघ्यांवर कपडे वाळत घालायचे नाहीत. त्याला आवडायचं नाही."

रेजिस आणि आन्सेल्म एकमेकांकडे बघत होते. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता.

"म्हणजे घर माझ्या काठाला," आन्सेल्म म्हणाला.

"आणि आई माझ्या," रेजिस म्हणाला.

"चालेल?"

"चालेल."

साठ वर्षं दोन सरकारांना जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत मिटलं. मोदेस्तने दारातूनच क्रूसाची खूण केली आणि मग, सगळ्यांनी बघावं म्हणून, मोठ्याने उसासा टाकला. "मी पडदेसुद्धा धुतले होते सासूबाईंसाठी!"

"चांगले विणलेस तू," स्कोलास्तिक म्हणाली. मोदेस्तला आधार घ्यायला भिंत लागली.

*

तीन वाजता गारठा पडला. पाचाच्या सुमाराला घर उत्तर काठावर, आन्सेल्मने साफ केलेल्या जागी, दगडांवर बसलं. स्कोलास्तिकने आत-बाहेर दोन फेऱ्या मारल्या, एका दगडाखाली चीप घालायला लावली, नातीला चुलीची झडप कशी धरायची ते दाखवलं. मग तवा, जपमाळ, झुलती खुर्ची आणि जवळपास रिकामं मडकं घेऊन ती रेजिसच्या घसरगाडीत येऊन बसली. लेआंद्र आणि तेओतीस्त दारात उभे होते. लग्नाला अजून चार आठवडे होते, तरी फादरना कळलं नाही तर बरं, अशा बेताने जवळ.

घसरगाडी नदीवर उतरली. मध्यावर, जिथे घर थांबलं होतं, तिथे दोन खोल चऱ्या होत्या आणि काकवीचे डाग. गाडी त्यांवरून गचका खाऊन गेली.

"इथंच बरं होतं," म्हातारी पुटपुटली. "कुणाचं काही नव्हतं."

घरी आल्यावर तिने अंगणातल्या मातीच्या चौकोनाकडे बघितलं. "कांदे लाव तिथं," ती सुनेला म्हणाली. "जमीन कोरडी आहे."

स्वयंपाकघरात शिरताच तिने चुलीचं दार उघडून बघितलं आणि "हं" म्हणाली. खुर्ची चुलीमागे ठेवून घेतली. पोरं दिवसभराची दमलेली, पण भूक लागली म्हणून कुरकुरत होती. मडक्याच्या तळाशी दोन-तीन धिरड्यांपुरतं पीठ राहिलं होतं. ओझीतने जड तवा चुलीवर ठेवला, पीठ ओतलं. इथे जमीन सरळ होती, त्यामुळे ते आपसूक गोल पसरलं. जाळी पडली. ओझीतचं लक्ष खिडकीकडे होतं. पलीकडे, नदीपार, ओळखीच्या छपरावर ओळखीचा धूर दिसत होता, फक्त लांब. तिचा हात सवयीने उलथन्याकडे गेला, धिरड्याखाली शिरला, आणि तिच्या लक्षात आलं. ती तिथेच थांबली.

चुलीमागे खुर्चीची करकर थांबली होती.

"उलट," स्कोलास्तिक म्हणाली.

ओझीतला नीट ऐकू आलं नाहीसं वाटलं. "काय म्हणालात?"

"उलट गं ते. ती बाजूही भाजू दे." म्हातारीनेही खिडकीबाहेर बघितलं. "माझं घर आहे तिकडे."